रतनबाईच्या कोंबड्यांचं रक्त

पुष्पावतीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. बशीत जे दिसायला नको होतं ते अजून तिथंच होतं.

ही बशी कोरी होती. म्हणजे तिच्यात कोंबडीच्या पिलाच्या पेशी होत्या, पण त्यांना विषाणू दिलेला नव्हता. अशा पेशींवर कोंबड्याचं पातळ केलेलं रक्त सोडलं आणि नंतर बशी हलक्या हाताने धुतली, की रक्ताचे तांबडे कण सगळेच्या सगळे वाहून जायचे. निदान चैत्रापर्यंत तरी जात होते. आता मात्र पेशींच्या कडेकडेने ते चिकटून बसले होते, डाळिंबाचे दाणे कुणी ओळीने लावून ठेवावेत तसे.

"पुन्हा?" दारातून डॉक्टर आप्पासाहेब गाडेकरांनी विचारलं.

"पुन्हा," ती म्हणाली. मान वर करून त्यांच्याकडे बघायची तिची छाती झाली नाही.

नेवाशाच्या बाहेर, प्रवरेच्या अलीकडच्या माळावर कुक्कुटरोगांचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. चार खोल्या, एक व्हरांडा, मागे लोखंडी जाळीचे पिंजरे. एकाहत्तर सालचा उन्हाळा होता. पुष्पावती मूळची पारनेर तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. पुण्याला शिकून ती इथं डॉक्टरांच्या हाताखाली कामाला लागली होती आणि याच कामावर तिला पुढची पदवी मिळायची होती.

काम होतं राणीखेत रोगाचं. खेड्यातले लोक त्याला मानमोडी म्हणतात. कोंबडीची मान वाकडी होते, पाय ओढत ती गोल गोल फिरते आणि आठवड्याभरात अख्खं खुराडं ओस पडतं. त्या रोगाचा विषाणू पेशीत शिरला की पेशीकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेतो. त्यातलं एक प्रथिन आतून निघून पेशीच्या अंगावर येऊन बसतं, आणि रक्ताचे तांबडे कण नेमके त्याला जाऊन चिकटतात. प्रथिन काही डोळ्यांना दिसत नाही, पण चिकटलेले कण दिसतात. पुष्पावतीला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की हे प्रथिन विषाणू बाहेरून अंगावर घेऊन येतो आणि तेच पेशीला लागतं, की पेशी ते आत नव्याने घडवते? त्यासाठी ती काही बशांना प्रथिन बनवणं थांबवणारं औषध देई. औषध दिलेल्या पेशींवर कण चिकटले नाहीत तर प्रथिन नवं, पेशीतच घडलेलं. विचार साधा होता. हिवाळाभर प्रयोग सुरेख जमत आला होता.

पण कोऱ्या बशांवरच कण चिकटू लागले तर सगळंच मुसळ केरात. मग विषाणू दिलेल्या बशीतले कण विषाणूमुळे चिकटले हे कशावरून म्हणायचं?

सुरुवातीला तिने स्वतःलाच दोष दिला. आपलाच हात घाण झाला असेल, कोऱ्या बशीत चुकून विषाणू गेला असेल. म्हणून तिने एक अख्खी खेप अशी केली की त्या दिवसांत विषाणूची कुपी कपाटातून बाहेरच काढली नाही. नव्या पिपेट, नवी बाटली, उकळून घेतलेलं सगळं. तरी कण चिकटले. रक्त देणारा कोंबडा बदलून पाहिला. तरी तेच. जेवणावरची तिची वासना उडाली होती. वसतिगृहासारख्या एका खोलीत ती राहायची, तिथं स्टोव्हवर पिठलं रटरटत राहायचं आणि ही भिंतीकडे बघत बसायची. हिवाळ्यात जे दिसलं होतं तेही खोटंच असेल का, हा विचार तिला सोडत नव्हता.

डॉक्टर गाडेकर कडक होते, पण अन्यायी नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "हे बघ, दोनच गोष्टी संभवतात. एक तर तुझी पद्धतच चुकीची, म्हणजे कण कशालाही चिकटतात. नाहीतर तुझ्या कोऱ्या पेशी कोऱ्या नाहीत. राणीखेतविरुद्धचा रक्तद्रव आहे ना आपल्याकडे? तो टाक बशीत, मग रक्त सोड."

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे आपल्याला कसं सुचलं नाही! लस टोचलेल्या कोंबडीच्या रक्तद्रवात या विषाणूच्या प्रथिनाला घट्ट धरून ठेवणारे पदार्थ असतात. ते आधी जाऊन प्रथिनावर बसले, की तांबड्या कणांना चिकटायला जागाच उरत नाही.

तिने कोऱ्या म्हणवणाऱ्या बशांचे दोन भाग केले. एका भागाला राणीखेतविरुद्धचा द्रव दिला, दुसऱ्याला साध्या कोंबडीचा. मग रक्त सोडलं, थांबली, धुतलं. साध्या द्रवाच्या बशांवर कण तसेच चिकटलेले. राणीखेतविरुद्धच्या द्रवाच्या बशा मात्र स्वच्छ होत्या, आरशासारख्या.

"सर!" ती जवळजवळ ओरडलीच. "पद्धत खरी आहे! या पेशींमध्ये खरोखरच राणीखेत आहे!"

हिवाळ्याचं काम वाचलं होतं. तिला वाटलं, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "विषाणूची कुपी उघडली नव्हती म्हणतेस. मग पेशींमध्ये रोग आला कुठून?"

पेशी यायच्या अंड्यांतून. आणि अंडी यायची रतनबाईकडून.



रतनबाई म्हणजे नदीपलीकडच्या वस्तीवरची शेतकरीण. नवरा सहादेव, दोन एकर बागायत, थोडी जिरायत, आणि रतनबाईच्या स्वतःच्या अशा चाळीसएक कोंबड्या. पेशींसाठी अंडी लागत ती लस न टोचलेल्या आणि रोग न झालेल्या कोंबड्यांची, आणि पंचक्रोशीत असा एकच कळप पुष्पावतीला सापडला होता. तिनेच रतनबाईची समजूत घातली होती. कोंबड्या जाळीत ठेवायच्या, बाजारातलं पाखरू आणायचं नाही, आणि केंद्रातला लसवाला आला तरी टोचून घ्यायचं नाही. रतनबाईने तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. आता त्या कळपात रोग शिरला असेल तर तो पुष्पावतीच्या शब्दामुळेच शिरला होता.

"कोंबड्या तर धडधाकट आहेत, सर. परवाच अंडी आली."

"सौम्य जातीचा विषाणू असला तर मरत नाहीत. पण तो फिरत राहतो. आज हिच्याकडे, उद्या आख्ख्या तालुक्यात." डॉक्टरांनी चष्मा काढला. "कळप मारून जमिनीत गाडावा लागेल, पुष्पावती. मला आनंद नाही त्यात."

"आधी त्यांचं रक्त तपासू द्या," ती म्हणाली. "रोग येऊन तीन-चार आठवडे झाले असतील तर रक्तात खूण असणारच. नसली तर?"

"जा," डॉक्टर म्हणाले. "जीप घेऊन जा. कोट इथं ठेव, आंघोळ करून दुसरं लुगडं नेस. आपला रोग तिच्या दारी नेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वस्तीवर पोचली. रतनबाई गोठ्यापुढे शेण भरत होती. जीप बघून तिने हात धुतले.

"आज अंड्यांचा वार न्हाई, पुष्पाताई. काय काढलंत?"

पुष्पावतीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. कोंबड्यांना मानमोडी झाली असावी अशी शंका आहे, रक्त बघायचं आहे, आणि रक्तात रोग निघाला तर कोंबड्या माराव्या लागतील.

रतनबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "म्या लसवाल्या भिमाजीला दारातनं परत लावला, कुनाच्या सांगन्यावरनं?"

"माझ्या."

"जाळी कुनी बांधाया लावली? पाव्हन्यानं आनलेला कोंबडा म्या परत धाडला. भावजय अजून बोलत न्हाई माझ्याशी. आन आता तुमी म्हनता मारायच्या?"

"अगं, त्या काय मुद्दाम करत्यात का," सहादेव मध्ये पडला.

"तुमी गप बसा. तुमच्या बैलांचं हाय का हे?" रतनबाईने त्याला तिथल्या तिथं गप्प केलं आणि जाळीचं दार उघडलं. "घ्या रगत. पन निकाल माझ्या म्होरं लागला पायजे. म्या येनार तुमच्यासंगं."

पुष्पावतीने एकेक कोंबडी मांडीवर घेतली, पंखाखालची शीर चाचपली आणि थोडं थोडं रक्त नळ्यांत घेतलं. कोंबड्या रतनबाईनेच धरल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एक पिवळ्या पायांची कोवळी तलंग फडफडायला लागली तेव्हा ती तिला म्हणाली, "थांब गं माझे बाय, सरकारी काम हाय." आणि एवढ्या रागातही तिच्या तोंडून हसू सुटलं. पुष्पावतीला मात्र हसू आलं नाही.

जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या. नळ्यांचा लाकडी ठोकळा पुष्पावतीच्या मांडीवर होता. रक्त गोठून वर पिवळसर द्रव सुटू लागला होता. नदीचं पात्र कोरडं पडलं होतं. कुठे कुठे डबक्यात म्हशी बसलेल्या होत्या.

केंद्रात आल्यावर पुष्पावतीने पांढऱ्या चिनी मातीची, खळगे असलेली फरशी धुऊन टेबलावर ठेवली. डॉक्टर येऊन उभे राहिले. लस टोचणारा भिमाजीही दाराशी येऊन थांबला. रतनबाईने स्टुलावर बसायला नकार दिला.

"आता बघा, मावशी," पुष्पावती म्हणाली. तिने कोपरं टेबलावर टेकवली. "हा विषाणू. याच्यात रक्त घातलं की रक्ताच्या गुठळ्या होतात, कारण विषाणूच्या अंगावरचं प्रथिन रक्ताच्या कणांना एकमेकांत चिकटवतं. ही बघा."

तिने दोन थेंब एकत्र केले आणि फरशी हलवली. मिनिटाभरात तांबडा थेंब फाटला आणि त्यात विटेच्या चुऱ्यासारखे दाणे दिसू लागले.

"आता त्यात लस टोचलेल्या कोंबडीचा द्रव आधी घालते. तिचं रक्त या विषाणूला ओळखतं, ते प्रथिनाला धरून ठेवतं. म्हणून गुठळी होत नाही." दुसरा थेंब खरोखरच एकसारखा तांबडा राहिला, कुंकवाच्या पाण्यासारखा.

रतनबाईने दोन्ही थेंब निरखले. "म्हंजे माझ्या कोंबड्यांच्या रगतानं गुठळी झाली तर?"

"तर त्यांनी हा रोग कधीच बघितलेला नाही. गुठळी झाली तर सुटलो. नाही झाली तर…"

"कळलं," रतनबाई म्हणाली. "करा."

पहिल्या कोंबडीच्या रक्तद्रवाचा थेंब पडला. विषाणूचा थेंब पडला. पुष्पावतीने थोडं थांबून रक्त सोडलं आणि फरशी हळूहळू फिरवली. थेंब तांबडा होता, सपाट होता. मग कडेला बारीक रवाळपणा दिसला, तो मधल्या भागात सरकला, आणि बघता बघता सगळा थेंब दाणेदार झाला.

"गुठळी," डॉक्टर म्हणाले.

दुसरी. गुठळी. तिसरी, त्या पिवळ्या पायांच्या तलंगेची. गुठळी. फरशीवरचा एकेक खळगा तसाच फाटत गेला. शेवटच्या थेंबापर्यंत एकही कोंबडी विषाणूला ओळखत नव्हती.

पुष्पावतीने फरशी खाली ठेवली आणि खुर्चीत अंग टाकलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही तिला सुचेना. रतनबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुमी कशापायी रडता? कोंबड्या माझ्या." मग तीही नाक ओढत म्हणाली, "लई घाबरवलंत बाई. रातभर डोळ्याला डोळा लागला नसता माझा."

डॉक्टर मात्र अजून कोड्यातच होते. "अंडी चांगली. हिची विषाणूची कुपी बंद. मग या खोलीत राणीखेत आला कसा?"

दाराशी उभा असलेला भिमाजी घसा खाकरून म्हणाला, "साहेब, ह्याच खोलीत म्हंजे?"

"याच. या काचेच्या पेटीत बाई अंडी फोडतात, पेशी काढतात."

भिमाजी दारातून एक पाऊल आत आला. "मी… मी त्या पेटीतच लशीच्या कुप्या फोडतो की, साहेब. सकाळी सात वाजता. बाई यायच्या आदी."

डॉक्टरांनी वळून पेटीकडे पाहिलं.

"व्हरांड्यात वावटळ उठती," तो घाईघाईने सांगू लागला. "चैत्र सरला तसं वारं सुटलं. कुपीत धूळ जाती. म्हनलं, हितं काच हाय, दिवा हाय, सोच्छ हाय. म्हनून हितं फोडतो, पान्यात कालवतो आन बर्फाच्या डब्यात भरून गावाला जातो. मी पुसतो की नंतर फडक्यानं!"

त्या लशीत सौम्य केलेला, पण जिवंत राणीखेतचाच विषाणू होता. कुपीची मान मोडताना त्याचे बारीक तुषार पेटीत उडत, कोपऱ्यात बसून राहत, आणि तासाभराने पुष्पावती तिथंच आपल्या कोऱ्या पेशी उघडत होती. चैत्रानंतर बशा का बिघडल्या याचं उत्तर वावटळीत होतं.

पुष्पावतीने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता. पण आधी तिला हसू फुटलं, मग ते आवरेना. डोळे अजून ओलेच होते. डॉक्टर तिच्याकडे बघून चमकले आणि मग त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

"तुला कुणी सांगितलं नव्हतं ना, तिथं फोडू नको म्हणून?" त्यांनी भिमाजीला विचारलं.

"न्हाई साहेब."

"मग चूक माझी. उद्यापासून मागच्या खोलीत लस, पुढच्या खोलीत पेशी. मागच्या खोलीला दार लावून घे. आणि ही पेटी आज फॉर्मलिनने धुवा, दोघं मिळून."

भिमाजीने दोन वेळा पेटी धुतली, तिसऱ्यांदा धुवायला निघाला तेव्हा पुष्पावतीने त्याला थांबवलं. फॉर्मलिनने सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते. रतनबाई व्हरांड्यात जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "भिमाजी, माझ्या कोंबड्यांना लस कवा टोचतोस? आता यांना रोगाची वळखच न्हाई म्हंता. उद्या खराच आला तर?"

प्रश्न सरळ पुष्पावतीच्या वर्मावर लागला. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "तूच ठरव."

"मला अजून थोडी अंडी लागतील, मावशी," पुष्पावती म्हणाली. "मृगापर्यंत. तोवर प्रयोग होईल. मृग लागला की भिमाजी सगळ्या कोंबड्यांना टोचेल, मी स्वतः येईन बरोबर. पुढच्या कामाला मी दुसरीकडून अंडी बघेन."

"मिरगाला," रतनबाईने मान डोलवली. "आन त्यवढ्यात काय झालं तर?"

"काही झालं तर तुमच्या दारात मी उभी राहीन."

"उभं राहून काय हुतंय," रतनबाई म्हणाली, पण ती उठली आणि निघताना तिने भिमाजीला बजावलं, "ध्येनात ठेव रं."

नव्या पेशींना बशीत पसरायला वेळ लागतो. त्या दिवसांत पुष्पावती पोटभर जेवली, कपडे धुतले, नेवाशाच्या बाजारातून कैऱ्या आणून तिने मुरांबाही घातला. मग एका दुपारी खिडक्यांना ओले पडदे लावून ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली.

कोरी बशी. कणांचा मागमूस नाही. पेशी एकमेकींना लागून पसरलेल्या, एखाद्या ओलसर शेतातल्या वाफ्यांसारख्या.

विषाणू दिलेली बशी. कण चिकटलेले, गच्च.

विषाणू आणि त्याचबरोबर औषध दिलेली बशी. तिने भिंगाची फिरकी हळूच फिरवली. कण नाहीत. विषाणू आत गेला होता, पण प्रथिन घडवायला त्याला पेशीचा हात मिळाला नव्हता, म्हणून पेशीच्या अंगावर काहीच आलं नव्हतं. आणि औषध ज्यांना उशिरा दिलं, प्रथिन तयार होऊन गेल्यावर, त्या बशीवर कण होते. विरळ, पण होते.

"सर, या!" तिने हाक मारली. डॉक्टर शेजारच्या खोलीतून आले, वाकले, चारही बशा एकापाठोपाठ पाहिल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. "पेशीच घडवते तर," ते स्वतःशीच म्हणाले. मग तिला म्हणाले, "चार दिवस घरी जाऊन ये. तुझा चेहरा मुरमुऱ्यासारखा झालाय."

शनिवारी ती नेवाशाहून नगरच्या एसटीत बसली. नगरला गाडी बदलून तिने पारनेरची धरली, खिडकीशी जागा मिळाली, आणि गाडी सुटायच्या आधीच तिची मान खिडकीच्या गजावर कलली. कित्येक आठवड्यांत अशी झोप लागली नव्हती. वाटेतले थांबे, चढणारी माणसं, टोपल्यांतल्या भाज्या, कशाचंच भान तिला राहिलं नाही. तिच्या वस्तीचा फाटा आला आणि गेला.

पारनेरच्या स्टँडवर कंडक्टरने तिला हलवलं. "ओ बाई, उतरा. कुठं जायचंय तुम्हाला?"

तिने डोळे चोळत बाहेर पाहिलं. फाटा मागे राहिला होता, चार मैल चालत परतावं लागणार होतं आणि उन्हं अजून उतरली नव्हती. तिने पिशवी खांद्याला अडकवली.

"घरी," ती म्हणाली आणि हसत हसत गाडीतून उतरली.